गोठवलेले गर्भ स्टेम सेल संशोधनाला द्यावेत का? सासूबाईंच्या आक्षेपासह उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जोडपं सोलापूरचं. टेस्ट ट्यूब पद्धतीने जुळी मुलं झाली, आता आणखी मूल नको. पुण्याच्या केंद्रात पाच गर्भ गोठवलेले आहेत. वार्षिक शुल्काच्या पत्रासोबत केंद्राने एक फॉर्म पाठवलाय: साठवण चालू ठेवायची, गर्भ नष्ट होऊ द्यायचे, की संशोधनाला द्यायचे. नवऱ्याला वाटतं, स्टेम सेल (शरीराच्या कुठल्याही प्रकारच्या पेशी बनू शकतील अशा मूळ पेशी) संशोधनाला दिले तर कुणाच्या तरी कामी येतील. सासूबाई म्हणतात, ही भ्रूणहत्या आहे, सिद्धेश्वराच्या गावात राहून असलं पाप नको. सूनबाई विचारतात: धर्मात हे बसतं का, आणि सही केल्यावर त्या गर्भांचं नेमकं होतं काय?

सासूबाईंच्या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण घरातली सगळी घालमेल त्या एका शब्दाभोवती आहे. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द आपण पोथीतून कमी आणि भिंतीवरून जास्त शिकलो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तेव्हापासून दवाखान्यांच्या दारांवर आणि एसटी स्टँडवर हा शब्द रंगवलेला दिसतो. त्या चित्रात आईच्या पोटात हातपाय फुटलेली मुलगी असते, आणि ती मुलगी आहे एवढ्याच कारणासाठी तिला मारलं जात असतं. पुण्यातल्या टाकीत जे आहे त्याला ते चित्र लागू पडत नाही. पण एवढ्यावरून आक्षेप फेटाळू नका. अगदी सुरुवातीच्या गर्भात जीव असतो का, हा जुना आणि खरा प्रश्न आहे.

टाकीत काय आहे ते आधी बघा. बीज फलित झालं की दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी होतात. पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा तयार होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आकार मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी. खसखशीचा दाणासुद्धा त्यापेक्षा मोठा. बाहेरच्या थरातून पुढे वार होते, आतल्या पुंजक्यातून बाळ. रक्त, हृदय, चेतातंतू यांतलं काहीच या टप्प्यावर नसतं. असे गर्भ बारीक नळीत किंवा पट्टीवर घेऊन क्षणार्धात गोठवतात आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तुमचे पाच गर्भ तिसऱ्या दिवसाचे आहेत की पाचव्या, आणि त्यांची प्रत काय नोंदवली आहे, हे केंद्राकडून लिहून घ्या. पुढचं पुष्कळसं त्यावर अवलंबून आहे.

आता संशोधनाला दिल्यावरचा प्रवास. गर्भ वितळवतात आणि साखरेचं प्रमाण उतरत जाणाऱ्या द्रावणांतून नेऊन गोठवताना घातलेलं रसायन धुऊन काढतात. तिसऱ्या दिवसाचा गर्भ असेल तर ३७ अंशांच्या पेटीत पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये तो आणखी दोन-तीन दिवस वाढवावा लागतो. ब्लास्टोसिस्ट झाला की बाहेरचं कवच काढतात, आतला पुंजका लेझरने किंवा बारीक सुईने वेगळा करतात आणि आधार देणाऱ्या पेशींच्या थरावर किंवा प्रथिनांचा लेप दिलेल्या बशीत रुजवतात. रुजला तर आठवड्या-दोन आठवड्यांत वाढ दिसते. मग ती वसाहत तुकडे करून नव्या बशीत हलवायची, आणि दर चार ते सात दिवसांनी पुन्हा तेच. असे काही महिने टिकल्यावर गुणसूत्रं तपासतात, जंतुसंसर्ग तपासतात, शरीराच्या तिन्ही मूळ थरांच्या पेशी त्यातून बनतात का ते पाहतात. त्यानंतर त्याला ‘पेशीरेषा’ म्हणायचं, म्हणजे एकाच गर्भापासून निघून बशीत वाढतच राहणाऱ्या पेशी.

यात अडतं पुष्कळ ठिकाणी. तिसऱ्या दिवसाचे साधारण निम्मे गर्भ ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतच नाहीत. पोचले तरी आतला पुंजका इतका लहान असतो की बशीला धरत नाही. धरला तर पेशी आपणहून वेगळ्या वळणाला लागतात आणि त्यांचं ‘स्टेम’पण जातं. सगळं जमून आल्यावर महिन्यांनी गुणसूत्रांत बिघाड निघतो. विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट होणं हा तर नेहमीचा दोष. त्यामुळे पाच गर्भांतून एकही पेशीरेषा न निघणं हीच जास्त संभवनीय गोष्ट आहे. नवऱ्याची इच्छा चांगली आहे, पण हे माहीत असूनच सही करावी. उलट, गर्भ कमी प्रतीचे आहेत म्हणून ते निरुपयोगी ठरतात असंही नाही. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात बीजेएनहेम१९ आणि बीजेएनहेम२० या रेषा निघाल्या त्या तिसऱ्या प्रतीच्या, टाकून दिल्या जाणाऱ्या गर्भांपासून. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही काइंड-१ आणि काइंड-२ या रेषा तयार झाल्या आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी, कारण समुपदेशनात ती मऊ शब्दांत गुंडाळली जाते. पुंजका काढला की तो गर्भ संपतो. मात्र पेशीरेषा निघाली तर ती संपत नाही. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी गर्भापासून पहिल्या पेशीरेषा काढल्या. त्यांतल्या एच-९ या रेषेपासून बनवलेल्या चेतापेशी अमेरिका-कॅनडातल्या १२ पार्किन्सनग्रस्तांच्या (कंपवाताच्या रुग्णांच्या) मेंदूत सोडल्या गेल्या आणि त्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अजून ती चाचणीच आहे, उपचार नव्हे. पण एका जोडप्याने दिलेला गर्भ सत्तावीस वर्षांनी कुठे पोचू शकतो ते यावरून कळतं. म्हणूनच संमती मागे घेण्याची मुदत गर्भ वापरला जाईपर्यंतच असते. रेषा तयार होऊन चार प्रयोगशाळांत गेली की ती परत मागवता येत नाही, आणि तिच्यात तुम्हा दोघांचा डीएनए असतो.

मग गर्भ लागतातच कशाला, असं सासूबाई विचारतील. रास्त आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मागे फिरवून स्टेम सेलसारख्या केल्या; त्यासाठी त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. आज बरंच काम त्या वाटेने होतं. तरी त्या पेशी खऱ्याशी ताडून पाहायला गर्भातल्या पेशी लागतात, आणि गर्भ गर्भाशयात का रुजत नाही हे शोधायला तर गर्भच लागतो. ज्या तंत्राने तुमच्या घरी जुळी मुलं खेळतायत, तेही बशीतल्या मानवी गर्भांवर वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांतूनच उभं राहिलं.

आता धर्म. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची व्याख्या आहे: शुक्र (पुरुषबीज), शोणित (स्त्रीबीज) आणि जीव यांचा कुक्षीत (गर्भाशयात) संयोग झाला म्हणजे त्याला गर्भ म्हणतात. यातला ‘जीव’ सासूबाईंच्या बाजूने बोलतो. संयोग होतानाच जीव आला. ‘कुक्षीत’ हा शब्द नवऱ्याच्या बाजूने बोलतो. बशी म्हणजे कुक्षी नव्हे. सुश्रुत सांगतो की चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होतं, तेव्हा चेतना प्रकट होते आणि आई दोन हृदयांची होते. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच कल्पनेच्या कुळातला आहे. गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगतं. मनुस्मृतीत गर्भस्राव झाला तर जितके महिने तितक्या रात्रींचं अशौच आहे, म्हणजे वाढत्या महिन्यांबरोबर नातं वाढतं असा हिशेब. पाच दिवसांच्या, पोटात न रुजलेल्या गर्भाचं सुतक या हिशेबात बसतच नाही. गुरुजींना विचारायचं असेल तर ‘हे पाप आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘न रुजलेल्या गर्भाचं अशौच लागतं का’ असं विचारा, उत्तर नेमकं मिळेल.

जुळ्यांचा मुद्दाही तुमच्या घरात समजायला सोपा जाईल. एकाच गर्भाचे दोन होऊन एकसारखी जुळी होतात, ती दुभंगण्याची शक्यता साधारण चौदाव्या दिवसापर्यंत असते. आत्मा अच्छेद्य आहे असं गीता सांगते. मग जो गर्भ अजून दोन होऊ शकतो, त्यात एकच ठरलेला जीव बसला आहे असं कसं म्हणायचं? यावर ‘दुसरा जीव मागून येतो’ असं उत्तर श्रद्धावान माणूस देऊ शकतो आणि ते खोडता येत नाही. चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास गर्भावर पाठीच्या कण्याची दिशा ठरवणारी पहिली रेघ उमटते. गर्भावरच्या संशोधनाचे नियम सुचवणाऱ्या ब्रिटनच्या वॉरनॉक समितीने १९८४ मध्ये तीच हद्द धरली, आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) व जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही चौदा दिवसांपुढे किंवा ती रेघ उमटल्यानंतर गर्भ बशीत वाढवायला बंदी आहे.

एक विनंती. गांधारीच्या मांसगोळ्याचे शंभर घडे आणि त्यांतून झालेले कौरव ही गोष्ट या चर्चेत पुरावा म्हणून कुणी आणली तर ती बाजूला ठेवा. कथा म्हणून ती मोठी आहे. तिला प्रयोगशाळेचा दाखला केलं की कथेचाही मान जातो आणि निर्णयालाही मदत होत नाही.

सोलापुरात हा प्रश्न एकाच धर्माच्या घरात येत नाही. मुस्लिम कुटुंबात बहुसंख्य फकीह (धर्मकायद्याचे जाणकार) १२० दिवसांनंतर रूह (आत्मा) फुंकली जाते असं मानतात, काही ४० दिवस मानतात. मक्केच्या इस्लामी फिक्ह परिषदेने २००३ मध्ये उपचारातून उरलेले गर्भ, आईवडिलांची संमती असेल तर, वापरायला मोकळीक दिली. कॅथलिक शिकवण याच्या दुसऱ्या टोकाला आहे: फलनापासून मनुष्याचा मान द्यायचा, म्हणून गर्भ नष्ट करून केलेलं संशोधन वर्ज्य, प्रौढांच्या पेशींवरचं मान्य. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या इथल्या प्रोटेस्टंट घरांना असा एकच आदेश नाही, तिथे विवेकावर सोडलेलं असतं. वीरशैव-लिंगायत घरांत आठव्या महिन्यात गर्भलिंगधारण (पोटातल्या गर्भाला लिंगदीक्षा देण्याचा संस्कार) करतात, तोपर्यंतच्या गर्भाबद्दल जंगम स्वामींचं मत विचारलेलं बरं. जैनांचा हिशेब सगळ्यांत कडक, कारण हिंसा स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली अशी तिन्ही मोजतात. सही म्हणजे करवणं झालं. अशा घराला ‘विज्ञानासाठी आहे’ एवढं सांगून भागत नाही.

माझं मत विचारलंत तर ते असं. हे गर्भ गर्भाशयात जाणार नाहीत, हा निर्णय तुम्ही आधीच घेतला आहे. नैतिक वजन त्या निर्णयात आहे, आणि त्याच्याही आधी, गरजेपेक्षा जास्त गर्भ तयार झाले त्या दिवसात आहे. त्यानंतर उरलेल्या वाटांपैकी कुठल्याही वाटेने गर्भ जगत नाही. वितळू देणं निष्पाप आणि संशोधनाला देणं पाप, हा भेद निदान मला पटत नाही. पण तो भेद सासूबाईंना मनापासून जाणवत असेल तर तो खोटाही नाही. शरीर दान न करता अग्नी द्यावा असं वाटण्यासारखाच तो आहे. (उपचार अजून सुरू व्हायचे आहेत अशा श्रद्धावान जोडप्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावं: दोन-तीनच बीजं फलित करा, बाकीची बीजं तशीच गोठवा. यशाची शक्यता थोडी कमी होते, पण पुढे हा फॉर्म समोर येत नाही.)

कायद्याची बाजू. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार गर्भ जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. मग ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. म्हणजे ‘साठवण चालू’ हा पर्याय निर्णय पुढे ढकलतो, एवढंच. गर्भ विकता येत नाही, त्याबद्दल मोबदला घेता येत नाही, संशोधनासाठी परदेशी पाठवता येत नाही. ‘दुसऱ्या जोडप्याला देऊन टाका’ असं कुणी तोंडी सुचवलं तर कायदेशीर आधार लेखी मागा; गर्भाच्या हस्तांतरावर कायद्याने बंदी आहे. सही दोघांचीही लागते. सासूबाईंची लागत नाही, पण हे त्यांना सही झाल्यावर कळू नये.

फॉर्मवर ‘संशोधन’ या रकान्यापुढे खूण करण्याआधी केंद्राला चार गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. गर्भ कोणत्या संस्थेत जाणार आणि ती या कायद्याखाली नोंदलेली आहे का. प्रकल्प कोणता, आणि त्याला संस्थेच्या नीतिसमितीची व स्टेम सेल संशोधन समितीची, अशा दोन्ही मंजुऱ्या आहेत का. ओळख कशी लपवली जाईल, आणि पेशीरेषा कंपनीला दिली जाऊ शकते का; तशी दिली तर तुम्हाला त्यात वाटा नसतो. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: ‘संशोधन’ म्हणजे नक्की काय? या एका शब्दाखाली नव्या तंत्रज्ञांना सुई धरायला शिकवणंही येऊ शकतं. ते काम वाईट नाही, पण तुम्ही त्याला होकार दिला नव्हता. संस्थेचं नाव सांगता येत नसेल तर त्या रकान्यात खूण करू नका. नाव नसलेलं दान कुठे जातं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

संमतीपत्र कोणत्या भाषेत आहे हेही बघा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या घरात इंग्रजी कागदावर सही घेऊन ‘समजावून सांगितलं’ असं लिहिणं म्हणजे संमती नव्हे. आपल्या भाषेत वाचून दाखवायला लावा. कागद घरी न्या, त्याच दिवशी सही करू नका.

आणखी एक बारकावा, जो परदेशी चर्चेत क्वचित येतो पण आपल्या घरांत आला पाहिजे. पेशी वाढवण्याच्या द्रवात पुष्कळदा गर्भस्थ वासराच्या रक्तातला द्रव घातलेला असतो. गाभण गाय कापताना तो मिळवतात. आधाराचा थर उंदराच्या पेशींचा असू शकतो. पेशी सुट्या करायचं विकर डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असू शकतं. ज्या घरात भ्रूणहत्येचा विचार इतक्या कळवळ्याने होतो, त्या घराला हे आधी माहीत असायला हवं. प्राणिजन्य घटक नसलेली माध्यमं आता मिळतात, महाग असली तरी. प्रकल्पात कोणती वापरणार हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

गुडघेदुखी, ऑटिझम, मधुमेह यांवर ‘स्टेम सेल’ अशी जाहिरात दिसते तिचा या सगळ्याशी संबंध नाही. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं अस्थिमज्जा किंवा रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार बाकी सारं चाचणीच्या टप्प्यावर आहे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठून यायचं.

शेवटी, घरात एकमत झालं नाही आणि गर्भ नष्ट होऊ द्यायचं ठरलं तर तेही नीट करता येतं. नळी नायट्रोजनमधून काढून खोलीच्या तापमानाला ठेवतात, तिथे पेशी मरतात. त्यानंतर ती सहसा जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाते. हे ऐकून सासूबाईंना धक्का बसेल, म्हणून आधी सांगा. दोन वर्षांखालच्या बाळाला अग्नी न देता पुरण्याचा रिवाज आपल्याकडे आहेच. वितळलेली नळी मातीत ठेवायला मिळेल का, त्या वेळी हजर राहता येईल का, हे केंद्राला लेखी विचारा. परवानगी देणं न देणं त्यांच्या हातात आहे. तारीख मात्र आधी ठरवून घ्या, गड्ड्याच्या यात्रेत किंवा मुलांच्या वाढदिवसाच्या आसपास ती येऊ देऊ नका. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत गर्भांची संख्या, नळ्यांचे क्रमांक, तारीख आणि दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या असतात. त्या पानाची प्रत मागून घ्या आणि मुलांच्या जन्मदाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवा.